कामाला न येणारा मुकादम

भुवनेश्वरीनं टेप धाकट्या बहिणीच्या दंडाभोवती फिरवली आणि आकडा बघितला. अकरा इंच. वहीत मात्र तिनं साडेदहा लिहिलं.

दहा वर्षांच्या शिवणकामात असं तिनं कधी केलं नव्हतं. माकणीतल्या बायका लोहाऱ्याचा शिंपी सोडून तिच्या दारात ब्लाऊजपीस घेऊन यायच्या, त्या तिच्या मापाच्या भरवशावर. पण शिवानीचा तो भरलेला, उबदार दंड हातात आला आणि तिच्या बोटांनीच खोटं लिहिलं. तिचा स्वतःचा दंड आठ इंचांचा. कोपराच्या खळगीत सुया टोचून टोचून कातडी जाड झालेली.

"अक्का, बाही जरा सैल ठेव बरं का," शिवानी म्हणाली. "लग्नात हार घालताना हात वर करावा लागतोय. नंदीश लई उंच हाय."

भुवनेश्वरीनं दातात धरलेली टाचणी काढली नाही. तेवढंच उत्तर द्यायचं टळलं.

दोघींत पाच वर्षांचं अंतर. भुवनेश्वरी अठ्ठावीसची, शिवानी तेवीसची. पण परका माणूस थोरलीलाच धाकटी समजायचा. भुवनेश्वरीची उंची सातवीतच थांबलेली, गालाची हाडं रुंद झालेली, रंग मातकट. तिचा आजार थॅलेसेमिया. अंगात कामाचं रक्त तयारच होत नाही. म्हणून दर एकवीस दिवसांनी सकाळच्या एसटीनं लातूरला जायचं, दवाखान्यात दिवसभर पडून दुसऱ्या कुणाचं तरी रक्त अंगात घ्यायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. त्या परक्या रक्तातून साठत जाणारं लोह बाहेर काढायला रोजच्या गोळ्या वेगळ्याच. वर्षाची होती तेव्हापासून हे चाललंय.

आणि शिवानीलाही तोच आजार होता. अगदी तोच.

हे गावात कुणाला खरं वाटलं नसतं. शिवानी नऊ महिन्यांची असताना तिचंही रक्त तपासलं होतं. आईकडून एक, बापाकडून एक, अशी बिघडलेली दोन्ही जनुकं तिच्यातही उतरली होती. लातूरच्या डॉक्टरीण बाईंनी आईला, पार्वतम्माला, सांगून ठेवलं, वर्षा-दोन वर्षांत हिलाही रक्त लागेल. पार्वतम्मा वाट बघत राहिली. दोन वर्षं झाली, चार झाली, दहा झाली. शिवानी खो-खोत तालुक्याला गेली, बांधावरच्या जांभळीवर चढली, पाण्याच्या दोन-दोन घागरी उचलू लागली. रक्त नऊच्या आसपास, जराशी पिवळट, लवकर दमायची, बस्स.

भुवनेश्वरीही वाट बघत होती. ती आईपेक्षा बारकाईनं बघत होती. शिवानी दुपारी झोपली की जवळ जाऊन तिची खालची पापणी अलगद ओढायची, आत पांढरं पडलंय का ते बघायची. डाव्या बरगडीखाली बोटं दाबायची, स्वतःची पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजली होती तशी हिची सुजलीय का म्हणून. काही सापडायचं नाही. मग ती उठून जायची आणि दिवसभर कुणाशी नीट बोलायची नाही.

शिवानी चौदाची झाली तेव्हा बाईंनी सगळ्या घराचं रक्त पुण्याला पाठवलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं. भुवनेश्वरी तेव्हा एकोणीस वर्षांची होती, दंडात सुई होती, आणि खाटेशेजारी तिचा बाप महांतप्पा टोपी हातात घेऊन उभा होता.

महांतप्पा निम्न तेरणाच्या कालव्यावर पाटकरी. कुठल्या चारीला, म्हणजे शेतापर्यंत जाणाऱ्या पोटपाटाला, कधी पाणी सोडायचं, कधी बंद करायचं, हे त्याचं काम. बाईंना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्याच्याच भाषेत सांगितलं.

"महांतप्पा, पोटातल्या बाळाचं रक्त वेगळं असतं. त्याची चारी वेगळी. बाळ जन्मलं की सहा-आठ महिन्यांत ती बंद होते आणि मोठ्या माणसाच्या रक्ताची चारी चालू होते. तुमच्या दोन्ही पोरींची मोठी चारी जन्मापासून बुजलेली आहे. कळलं?"

"कळलं."

"आता ती बाळाची चारी बंद कोण करतं? आपल्या पेशीत डीएनएची लांब दोरी असते. काही प्रथिनं त्या दोरीवर ठरलेल्या जागी जाऊन बसतात. एक प्रथिन म्हणजे बंद करणारा गडी. तो बाळाच्या चारीपाशी बसतो आणि दार दाबून धरतो. त्या गड्याला कामाला लावणारं दुसरं प्रथिन, म्हणजे मुकादम. मुकादमाच्या दोन प्रती, एक आईकडची, एक बापाकडची. भुवनेश्वरीचे दोन्ही मुकादम कामाला येतात. शिवानीचा एक मुकादम कामाला येतच नाही. म्हणून गडी कमी पडले, दार अर्धवट उघडं राहिलं. बाळाचं रक्त अजून वाहतंय तिच्यात. त्याच्यावरच जगतीय ती."

पाव घटका चारी जास्त चालली तर शेतकऱ्याशी भांडणारा माणूस महांतप्पा.

"आन हा कामचुकार आला कुठनं?" त्यानं विचारलं.

"तुमच्याकडनं. तुमच्यातही एकच मुकादम चालू आहे. तुम्हाला त्याचा तोटा नाही, फायदाही नाही. नाणं उडवल्यासारखं असतं हे. धाकटीला मिळालं, थोरलीला मिळालं नाही."

परतीच्या एसटीत भुवनेश्वरी खिडकीकडं तोंड करून बसली होती. औसा मागं पडल्यावर ती म्हणाली, "अप्पा, मला का न्हाय दिलं?"

पुढच्या थांब्यावर उतरून महांतप्पानं तिच्यासाठी उसाचा रस आणला. तिनं तो हातात धरून ठेवला, माकणी येईपर्यंत.

तेव्हापासून तिच्या जळण्याला पत्ता मिळाला. आधी ती नुसतीच जळायची. आता बापानं शिवानीच्या डोक्यावरून हात फिरवला तरी तिला ते नाणं आठवायचं.

आणि त्यात नंदीश.

नंदीश म्हणजे सास्तूरच्या शरणबसप्पा मामाचा मुलगा. भुवनेश्वरीच्या बारशाला मामानं तिच्या पायात चांदीचे वाळे घातले आणि चारचौघांत म्हणाला होता, ही माझ्या नंद्याची. यांच्यात मामाच्या घरी पोर देणं ही नवलाची गोष्ट नाही, उलट बाहेर दिली तर लोक कारण विचारतात. पुढं भुवनेश्वरीचा आजार कळला. मामानं शब्द मागं घेतला नाही, तो नुसता पुन्हा कधी काढला नाही. गेल्या दिवाळीला सास्तूरहून भरजरी साडी आली आणि पिशवीवर नाव होतं शिवानीचं. भुवनेश्वरीनंच त्या साडीला फॉल-पिको करून दिलं.

पण तिच्या फायलीत एक कागद होता. बाईंनी शिवानीच्या अहवालाखाली स्वतःच्या हातानं लिहिलेलं आणि दोनदा अधोरेखित केलेलं: लग्नाआधी नवऱ्या मुलाचं रक्त तपासणं. मुलगा वाहक निघाला तर पोटची लेकरं भुवनेश्वरीसारखी होऊ शकतात.

तिनं आईला आठवण करून दिली तेव्हा पार्वतम्मा ज्वारी निवडत होती.

"बाहेरचा असता तर तपासला असता की. नंदीश घरचा हाय. घरच्याचं काय तपासायचं?"

"घरचा हाय म्हणूनच, अव्वा. तुझ्या रक्तात हाय ते मामाच्या रक्तात असंल. मामाच्या असंल तर त्याच्या असंल."

"माझ्या भावाच्या रक्तात खोट काढायलीस व्हय?"

"तुझ्यात हाय ती खोट न्हाय आन मामात असली की खोट?"

"भुवना," पार्वतम्मानं सूप खाली ठेवलं. "तुला काय सलतंय ते मला ठावं हाय. गप ऱ्हा."

आईचं चुकलं नव्हतं. भुवनेश्वरीला लेकरांची काळजी होती, पण ती पिठात मिठाएवढी. बाकी सगळं पीठ म्हणजे हे लग्न मोडावं ही इच्छा.

येळवसेला मामाकडची सगळी माकणीला आली. येळवस म्हणजे पौषाच्या तोंडची अमावस्या, या भागातली शेतातल्या जेवणाची. रानात कडब्याची खोप, खोपीत पांडवांची पूजा, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं गार आंबिल. मामा-मामी एका गाडीवर, नंदीश दुसऱ्या गाडीवर. नंदीशचं सास्तुरात पंपाच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं दुकान. बोलणं कमी, हातांना वार्निशचा वास. त्यानं खोपीत वाकून नमस्कार केला, शिवानीकडं बघितलं नाही, आणि तिनंही त्याच्याकडं बघितलं नाही, ते सगळ्यांनी बघितलं.

जेवणं झाली. मामानं आंबिलाचा तिसरा तांब्या संपवला आणि मिशा पुसल्या.

"तर दाजी, माघात बार उडवू. पोरगं तिशीला आलं. लांबवून काय आंबिल करायचंय?"

"तुमी म्हणाल तसं," महांतप्पा म्हणाला.

"मामा," भुवनेश्वरी म्हणाली. तिच्या हातात फाईल होती. डब्यांच्या पिशवीत तळाशी घालून तिनं ती आणली होती. "नंदीशची रक्ततपासणी करावी लागंल आधी. शिवानीला माझाच आजार हाय. कागद हाय ह्यो."

मामी भज्जीचं पातेलं झाकत होती, ती तशीच थांबली.

"आमाला कुणी सांगितलं न्हाय हे," मामा सावकाश म्हणाला. तो बहिणीकडं बघत होता.

"तिला काय झालंय? बघा की धडधाकट," पार्वतम्मा म्हणाली. "कागदाला काय, कागद काय बी म्हणतोय."

"आमच्या पोराला दवाखान्यात लावायचं, ते कशापायी?" मामी म्हणाली. "आमच्यात कुणाला कदी सुई टोचली न्हाय. दुखणाईतच सून करायची व्हती तर आधीच थोरली करून घेतली नसती का?"

ते वाक्य कुठं लागलं हे मामीला कळलं नाही. शिवानीला कळलं, पण तिचं स्वतःचं घर पेटलं होतं.

"अक्का, तू जळतीयस," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "ल्हानपणापासनं जळतीयस. मी झोपल्यावर माझी पापणी ओढायचीस, मला ठावं न्हाय वाटतं तुला? मी डोळं मिटून पडायची."

भुवनेश्वरीच्या कानशिलांत ऊन भरलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, हे आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही.

"व्हय, जळते," ती म्हणाली. "मंग? तपासायचं तर तपासाच."

मग नंदीश उठला आणि त्यानं हात पँटला पुसले. मामाचं पोर ते, पण मोटारीचं काम करणारं. जळलेली मोटार उघडून बघितल्याशिवाय त्यानं कधी भरली नव्हती.

"भुवना, तू लातूरला कदी चाललीस?"

"मंगळवारी."

"मी येतो."

मंगळवारी तो सास्तूरहून गाडी घेऊन आला. दवाखान्यात त्याचं रक्त घ्यायला दोन मिनिटं लागली. तिला मात्र चार तास लागायचे. तो जाईल असं तिला वाटलं, पण तो स्टूल ओढून बसला आणि पिशवीतून थेंब थेंब उतरणाऱ्या रक्ताकडं बघत राहिला. लहानपणी वाळे घातलेल्या पोरीच्या शेजारी तो पहिल्यांदा इतका वेळ बसला होता, आणि तेही दुसरीशी लग्न करता यावं म्हणून. भुवनेश्वरीला हसू आलं.

"हे दर तीन आठवड्याला?" त्यानं विचारलं.

"दर तीन."

फेरीवर आलेल्या बाईंना त्यानं विचारलं, "मॅडम, शिवानीची चारी उघडी ऱ्हायली तशी हिची मुद्दाम उघडता येत न्हाय का?"

"येते. बाहेरच्या देशात करतात. माणसाच्याच पेशी काढतात, बंद करणारा गडी जिथून तयार होतो तिथं बारीक कात्री चालवतात आणि पेशी परत घालतात. गडी येत नाही, दार उघडं राहतं. तुझ्या होणाऱ्या बायकोला जे फुकट मिळालं, तेच." त्या भुवनेश्वरीकडं वळल्या. "आपल्याकडं यायला वेळ आहे अजून."

फुकट. दिवसभर तो शब्द तिच्या कानात राहिला. त्या दिवशी भुवनेश्वरीनं मनाशी कबूल केलं की नंदीशचा अहवाल वाईट यावा असं तिला वाटतंय. आपल्याला न मिळालेलं निदान हिलाही मिळू नये.

अहवाल सहाव्या दिवशी दुपारी आला. लातूरला फॉर्मवर तिनं स्वतःचा नंबर लिहिला होता, म्हणून तो तिच्याच फोनवर आला. एका आकड्याचा प्रश्न होता. हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचं, ए-टूचं प्रमाण साडेतीनच्या वर गेलं की माणूस वाहक. आईचं पाच पॉइंट दोन होतं, बापाचं पाच पॉइंट सहा. हे आकडे तिला जन्मतारखेसारखे पाठ.

नंदीशचं दोन पॉइंट सहा.

तिनं चष्मा पुसून परत बघितलं. दोन पॉइंट सहाच. नंदीश सुटला होता. लेकरं नुसती वाहक होतील, आजारी होणार नाहीत. शिवानीला हेही मिळालं होतं.

मग तिच्या लक्षात आलं की हा आकडा घरात दुसऱ्या कुणालाच वाचता येत नाही. मामाला नाही, आईला नाही. तिनं म्हणायचं फक्त, वाईट हाय. अठ्ठावीस वर्षांच्या आजारपणानं तिला मिळालेलं एकुलतं एक वजन होतं ते: कागदाचं ती सांगेल ते खरं. पुन्हा कोण तपासायला जाणार होतं? मामी तर नावच काढू देणार नव्हती.

मशीनवर शिवानीचा लग्नाचा ब्लाऊज होता, एक बाही जोडलेली. तिनं तो तसाच ठेवला आणि फोन घेऊन कालव्याकडं गेली.

महांतप्पा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी रब्बीच्या पाण्याची पाळी सुटली की तो काठावर जाऊन बसायचा. नव्या पाटकऱ्याच्या चुका मोजायचा. भुवनेश्वरी शेजारी बसली.

"अप्पा, तुमी कदी एखादी चारी उघडी ठिवून आलाव का?"

"एकदाच." तो पाण्याकडंच बघत होता. "तुला पयल्यांदा रक्त दिलं त्या दिशी. लातूरवरनं कळलं की पोरगीला आणा, तसाच गेलो. सा नंबरची चारी बंद करायची ऱ्हायली. दुसऱ्या दिशी बघतो तर पाणी पार टोकाला, गजराबाईच्या रानात. तिथं कदी पाणी जात न्हवतं. त्या साली तिची ज्वारी शिवारात सगळ्यात उंच."

"मंग?"

"मंग काय, मला मेमो. आन बाया तिला म्हणायच्या, पाटकऱ्याला काय खाऊ घातलंस? सा म्हयने तिच्याशी कुणी धड बोललं न्हाय. तिला बिचारीला ठावंच न्हवतं पाणी कसं आलं."

"तुमी सांगितलं न्हाय?"

"काय सांगायचं? माझी पोरगी मराया टेकली व्हती म्हणून तुझी ज्वारी आली, असं?"

पाणी दारापाशी फुगत होतं आणि पुढं सरकत होतं. महांतप्पाची नजर तिच्या हातातल्या फोनवर गेली.

"आला व्हय नंदीशचा कागद?"

"आला."

"काय म्हणतोय?"

तो तिच्याकडं बघत नव्हता. ती जे बोलेल तेच होणार होतं, आणि हे त्यालाही माहीत असावं, कारण टोपी त्यानं हातात घेतली होती, लातूरला घेतली होती तशी. भुवनेश्वरीला 'वाईट' हा शब्द जिभेवर आलेला कळला. तिनं तो गिळला. तो खाली उतरायला वेळ लागला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "दोन पॉइंट सहा. कायबी न्हाय त्याला."

महांतप्पानं टोपी घातली. मग पुन्हा काढली.

"घरी तूच सांग," तो म्हणाला. "तूच लावलं व्हतंस तपासायला."

खरं बोललं की छाती हलकी होईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. परतताना वाटेत ती दोनदा थांबली, दम लागला म्हणून, आणि दोन्ही वेळा शिवानी ही वाट पळत जाते हे तिला आठवलं.

घरी शिवानी शिवणयंत्रापाशीच उभी होती. येळवसेपासून दोघी कामापुरतंच बोलत होत्या. बहिणीचा चेहरा बघून ती भिंतीला टेकली.

"मोडलं का?"

"न्हाय. नंदीश साफ हाय. करा लगीन."

शिवानी खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडली. भुवनेश्वरी तिच्या जवळ गेली नाही. तिनं मशीनवरचा ब्लाऊज उचलला, उलटा केला, बाहीची शिवण उजेडाकडं धरून बघितली.

"उठ," ती म्हणाली. "घालून बघ."

शिवानीनं डोळे पुसत हात घातला. बाही दंडावर अडली.

"घट्ट हाय का?"

"जरा."

"जरा न्हाय, अर्ध्या इंचानं हाय. मी तसं लिवलं व्हतं." भुवनेश्वरीनं हात पुढं केला. "दे इकडं. उसवते."

शिवानीनं ब्लाऊज काढून दिला. भुवनेश्वरी उंबऱ्याशी उजेडात बसली. ब्लेडचं टोक तिनं पहिल्या टाक्याखाली घातलं, मग दुसऱ्या. कापड फाटू नये म्हणून हात सावकाश चालवावा लागत होता. शिवानी समोर बसून बघत होती, आणि भुवनेश्वरी मान वर न करता म्हणाली, "उजेडातनं बाजूला हो की जरा."